विंगेतला कोच

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलला बचावाचं एक स्वतंत्र तत्त्वज्ञान मराठी माणसाने दिलेलं आहे, आणि इतिहासाने त्याची नोंद आज ना उद्या घेतलीच पाहिजे. हे तत्त्वज्ञान ॲरिझोनातल्या चँडलर गावाजवळ, आइस हॉकीच्या एका जुन्या रिंगणात जन्माला आलं. त्याचे जनक यशवंत केतकर, मूळ गाव सांगली, हे आयुष्यात कधी फुटबॉल खेळले नव्हते. चेंडू त्यांनी पहिल्यांदा हातात घेतला तो नेमणूक झाल्यावर, फोटोसाठी. शिवण आतल्या बाजूला गेली म्हणून फोटो दोनदा काढावा लागला.

'व्यावसायिक' हा शब्दही जरा सैल हाताने घ्यायला हवा. अमेरिकेत फुटबॉल म्हटलं की मोठाली स्टेडियम आणि आकाशातून जाणारी विमानं डोळ्यांसमोर येतात. आमचा संघ त्या जगातला नव्हता. छपराखालच्या फुटबॉलची एक छोटी लीग असते. बर्फ काढून टाकलेल्या रिंगणात हिरवा गालिचा अंथरतात, कडेने गाद्या लावलेल्या भिंती असतात आणि एका बाजूला आठच खेळाडू असतात. मैदान इतकं लहान की कोणीही सुटला की थेट गोल लाइनीवरच पोचतो. त्यामुळे गुणांचा पाऊस पडतो, आणि बचाव करणाऱ्यांकडे लोक साधारण लग्नातल्या बँडवाल्यांकडे बघतात तसं बघतात: असायला हवेत, पण त्यांच्याकडून अपेक्षा काही नाही. खेळाडूंना पैसे मिळतात म्हणून खेळ व्यावसायिक. ते पुरत नाहीत म्हणून खेळाडू दिवसभर दुसरी कामं करतात.

केतकरकाका माझे शेजारी. चँडलरमधल्या चिप बनवण्याच्या कारखान्यात ते बरीच वर्षं प्रोसेस इंजिनिअर होते. एका कपातीत कंपनीने त्यांना वेळेआधीच निवृत्त केलं, केक कापून. मी पुण्याहून सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात नलूकाकूंनी दार वाजवलं, हातात वरणभाताचा डबा. त्यांच्या मागे दाराच्या चौकटीआड काका उभे होते. अर्धेच दिसत होते.

हे अर्धं दिसणं ही काकांची खूण. ते कुठेही मधोमध उभे राहत नसत. दार असेल तर दाराआड, खांब असेल तर खांबाआड. महाराष्ट्र मंडळाच्या कुठल्याही ग्रुप फोटोत अगदी उजव्या टोकाला एक खांदा आणि चष्म्याची एक काच दिसते, ते केतकर. कारण विचाराल तर ते जन्माचे प्रॉम्प्टर. सांगलीला कॉलेजात असताना नाटकाच्या विंगेत जे उभे राहिले ते कधी रंगमंचावर आलेच नाहीत. "मला कोणी भूमिका दिलीच नाही गं," ते म्हणत, "पण सगळ्या भूमिका मला पाठ होत्या." यात तक्रार नसायची. वजन सांगावं तसं सांगत.

प्रॉम्प्टर म्हणून त्यांच्यात एकच दोष होता. त्यांची कुजबुज पाचव्या रांगेपर्यंत ऐकू यायची.

मंडळाच्या गणपतीतलं एक नाटक मी पाहिलंय. दातांचे डॉक्टर लेले नायक होते. त्यांनी वाक्याआधी नाट्यपूर्ण विराम घ्यायचा असं ठरलेलं. पण विराम दिसला की काकांना राहवत नसे. लेल्यांनी तोंड उघडायच्या आत विंगेतून वाक्य येई, मग लेले तेच म्हणत. प्रेक्षकांना नाटक दोनदा ऐकायला मिळत होतं. पहिल्या अंकाच्या शेवटी लेले आजारपणाच्या अंथरुणातून उठून बसले आणि विंगेकडे बघून म्हणाले, "ऐकलंय, काका." त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी त्या वाक्याला पडली. दुसऱ्या अंकाच्या आधी नलूकाकू डबा घेऊन विंगेत गेल्या आणि एक अख्खा बेसनाचा लाडू त्यांनी काकांच्या तोंडात घातला. काकूंच्या बेसनाच्या लाडवाची ख्याती अशी की तो टाळूला धरतो आणि सोडत नाही. दुसरा अंक शांततेत पार पडला. दोनतीन वाक्यं गळाली, पण लेल्यांचं काम पहिल्यांदाच लेल्यांसारखं झालं.

आता हा गृहस्थ फुटबॉलमध्ये कसा गेला? एसीसाठी. जून महिन्यात चँडलरला बाहेर उभं राहणं म्हणजे हेअर ड्रायरच्या तोंडाशी उभं राहणं. निवृत्त माणसाने दुपारी जावं कुठे? रिंगणात गारवा असतो आणि सीझनचं तिकीट स्वस्त असतं, असा शोध काकांना लागला. त्यांनी आपल्या संघाच्या बाकामागची पहिली रांग पकडली. पुढे गादीची भिंत, भिंतीपलीकडे हातभर अंतरावर खेळाडू. "अगदी विंगेत बसल्यासारखं वाटतं," ते म्हणाले, आणि रविवारी काकूंना आणि मलाही न्यायला लागले. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. मी पॉपकॉर्न खात असे आणि एकमेकांवर आदळणारी माणसं पाहून माणसाच्या उत्क्रांतीबद्दल विचार करत असे.

चार चालींत दहा यार्ड पुढे जायचं, गोल लाइन ओलांडली की टचडाउन, टचडाउनचे सहा गुण, एवढं काकांनी मला शिकवलं. बाकीचं ते स्वतःशी पुटपुटत. "आता हा उजवीकडे टाकणार." आणि समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, खरोखर उजवीकडे टाकायचा.

"काका, तुम्हाला आधी कसं कळतं?"

"अगं, ज्याच्या वाट्याला पुढचं वाक्य असतं ना, तो आधी चुळबुळतो. कोणी श्वास घेतो, कोणी सदरा ओढतो. आणि ज्याचं वाक्य नसतं तो उगाच फार रुबाबात उभा राहतो. तीस वर्षं तेच बघितलंय. हा बघ, हातमोजे ओढतोय. चेंडू याच्याकडे."

चेंडू त्याच्याकडे गेला.

पुढच्या बाकावरून एक प्रचंड माणूस मागे वळला. हा ओटिस, आमच्या बचावाचा कप्तान. दिवसा तो लोकांच्या घरचे एसी दुरुस्त करायचा. त्यामुळे जूनमध्ये चँडलरात त्याला महापौरापेक्षा जास्त मान होता.

"सर, तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?"

"मी चँडलरचा," काका म्हणाले.

"मग जरा मोठ्यांदा बोला."

केतकरांना हा सल्ला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी देत होतं. काकूंनी कपाळावर हात मारला.

त्या सीझनच्या मध्येच आधीचा बचावाचा कोच एका शाळेत नोकरी धरून निघून गेला, तिथे पगार वेळेवर होता म्हणून. ओटिसने काकांचं नाव मालकाला सुचवलं. मालक डेल यांचा धंदा स्विमिंग पूल साफ करण्याचा. भारतातला माणूस, चिपच्या कारखान्यातून निवृत्त, चालीच्या आधी चाल सांगतो, एवढं ऐकल्यावर डेलनी जे समजायचं ते समजून घेतलं. काकांना त्यांनी एकदाही नाटकाबद्दल विचारलं नाही, आणि काकांना वाटलं, ते माहीत असल्याशिवाय का कोणी बोलावेल! दोघांनी फार आदराने हात मिळवले. दुसऱ्या दिवशी संघाने पत्रक काढलं: 'नवे बचाव प्रशिक्षक, नवं तत्त्वज्ञान. बचावाला आता सेमीकंडक्टरची अचूकता.'

काका पत्रक घेऊन माझ्याकडे आले. घाबरले होते.

"वैदेही, हे तत्त्वज्ञान म्हणजे काय गं? माझं कुठलं?"

"काहीतरी सांगा काका. इथे सगळ्यांचं असतं. पूल साफ करणाऱ्यांचंही असतं."

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "तालीम करायची. आणखी काय!"

हेच ते तत्त्वज्ञान. त्यात पुढे फारशी भर पडली नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी नारळ नेला. कुठल्याही नाटकाचा मुहूर्त नारळाशिवाय झाला नव्हता, तर फुटबॉलचा का व्हावा? गालिच्यावर पाणी सांडू नये असं रिंगणाच्या माणसाने बजावलं. काका नारळ घेऊन जागा शोधत फिरू लागले, तसे ते आठ-दहा दांडगे लोक त्यांच्या मागून हिंडू लागले. प्रत्येकाला तो फोडायचा होता. रिकी नावाचा एक चपळ, बारीक खेळाडू होता, सामानाची व्हॅन चालवायचा. त्याने गुडघ्यावर प्रयत्न केला आणि पंधरा मिनिटं लंगडला. शेवटी ओटिसने हेल्मेट घातलं, खाली बसला आणि म्हणाला, "इथे मारा, कोच." काकांनी मनातल्या मनात नटराजाची क्षमा मागून मारला. नारळ पहिल्या फटक्यात फुटला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं. संघात इतका उत्साह गेल्या दोन सीझनमध्ये कोणी पाहिला नव्हता.

त्यानंतर काकांनी सगळ्यांना खुर्च्या आणायला सांगितल्या.

आपल्याकडे नाटक उभं राहण्याआधी बसतं. आधी गोल करून वाचन, दिवसेंदिवस. कोणी हालचाल करायची नाही, हातवारे नाहीत, फक्त शब्द. शब्द मुरले की मग उभी तालीम. काकांच्या मते फुटबॉलमध्ये हाच मूलभूत दोष होता: लोक पहिल्याच दिवशी उभे राहून पळायला लागायचे. म्हणून त्या राक्षसांना त्यांनी घडीच्या खुर्च्यांवर गोलात बसवलं. काका समोरच्या संघाची चाल वाचून दाखवत आणि प्रत्येकाने आपण त्या क्षणी काय करणार ते तोंडाने बोलायचं. "मी डावीकडे दोन पावलं जातो. मी त्याच्या कमरेकडे बघतो. मी थांबतो." त्यांच्या खुर्च्या कुरकुरायच्या. मध्येच चहा. ओटिसला आल्याचा चहा इतका आवडला की पुढे तो गिऱ्हाइकांच्या घरी एसी दुरुस्त करताना आल्याची चौकशी करायला लागला.

दुसऱ्या आठवड्यात काकांनी भूमिका बदलल्या. ओटिसने रिकीचं काम वाचायचं, रिकीने ओटिसचं.

"कोच, मी साठ किलो जादा आहे त्याच्यापेक्षा," ओटिस म्हणाला. "मी त्याच्या जागी कधी जाणार?"

"बाळा, सहनट स्टेजवर येताना जिन्यात पडला तर तू काय करणार? लोकांना सांगणार, माझं वजन जास्त आहे?"

ओटिसने वाचलं. सगळ्यांनी सगळ्यांचं वाचलं.

तिसरा नियम टाळीचा होता. अमेरिकन खेळाडू एखाद्याला लोळवल्यावर नाचतो, छाती बडवतो, कॅमेरा शोधतो. काकांना ते बघवत नसे. "प्रवेश संपलाय का? नाही ना? मग टाळी कसली घेतोयस? तिकडे तुझा सहनट एकटा पडलाय!" रिकीच्या नाचाचा एक खास प्रकार होता, त्यात शेवटी कोलांटी असे. काकांनी तो बंद केला नाही, फक्त पडदा पडल्यावर करायला सांगितला. रिकी प्रत्येक सामन्यानंतर, बहुतेक वेळा रिकाम्या रिंगणात, निष्ठेने कोलांटी मारत असे.

आता इथे मी सांगायला हवं की या सगळ्याचा सुरुवातीला परिणाम काय झाला. काही झाला नाही. समोरचे संघ साठ-साठ गुण करून जात. याचं कारण खेळाडू नव्हते. सामन्याला काका भिंतीशी उभे राहत, अर्धे खांबाआड, आणि समोरच्या चालीत चुळबूळ दिसली रे दिसली की त्यांना राहवत नसे. "ओटिस, उजवीकडे! उजवीकडे येतोय!" रिंगण केवढंसं. हे ओटिसला ऐकू जाई, तिसऱ्या रांगेतल्या मुलांना ऐकू जाई आणि समोरच्या क्वार्टरबॅकलाही ऐकू जाई. तो चेंडू डावीकडे टाकी. एका सामन्यानंतर तसा एक क्वार्टरबॅक मुद्दाम चालत आला, काकांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "थँक यू, कोच. रिअली." काका घरी येईपर्यंत त्या मुलाच्या संस्कारांचं कौतुक करत होते.

सीझनचा शेवटचा घरचा सामना पुढच्या रविवारी, आणि डेल तालीम बघायला आले. सेमीकंडक्टरची अचूकता पाहायची होती त्यांना. पाहतात तो काय, आठ माणसं गोलात बसलीयेत, हातात कागदाचे कप, आणि ओटिस डोळे मिटून म्हणतोय, "मी घाबरत नाही. मी वाट बघतो."

"कोच," डेल म्हणाले, "ही बायबल स्टडी आहे का?"

"वाचन चाललंय."

"कॉम्प्युटर कुठाय?"

"कशाला?"

डेल कडू नव्हते. पण त्यांचा पैसा गालिच्यात जात होता. ते काकांना भिंतीपाशी घेऊन गेले. मी काकांना न्यायला आले होते, त्यामुळे जे ऐकलं ते कानांनी ऐकलं. "रविवारी त्यांना पन्नासच्या आत ठेवा. जिंका नाहीतर हरा, मला बचाव दाखवा. फिफ्टी. गुण एकावन्न झाले तर पुढच्या सीझनला माझा भाचा कोच. तो स्विमिंग पूलची केमिकल्स विकतो, पण निदान उभा राहून विकतो."

काका गाडीत बसले. सिग्नलला म्हणाले, "आत्ताशी पहिला अंक बसलाय गं. सगळ्यांना सगळ्यांचं यायला लागलंय. अजून एक सीझन मिळाला असता तर पूर्ण नाटक उभं राहिलं असतं."

मला तोपर्यंत हा सगळा प्रकार विनोदी वाटत होता. पण त्या माणसाने आयुष्यभर इतरांची नाटकं सांभाळली होती आणि हे पहिलं त्याचं स्वतःचं होतं, हे मला त्या सिग्नलला लक्षात आलं. सिग्नल हिरवा झाला आणि मागच्याने हॉर्न वाजवला, तशी मी गाडी पुढे काढली.

घरी दुसरी बाजू होती. मुलगी आणि नात न्यू जर्सीत, आयसेलिनला. तिथे भाजीपासून साड्यांपर्यंत सगळं चालत जाऊन मिळतं, आणि नलूकाकूंना तिकडे जायचं होतं, या वाळवंटाचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता. काकांना ही कोचची नोकरी लागली नसती तर ते एव्हाना गेलेही असते.

"अहो, ऐकलं का? एकावन्न झाले की आयसेलिन," काकू भाजी निवडत म्हणाल्या. "मी काही देवाला नवस बोलणार नाही. पण मी बॅगा बघून ठेवल्यात."

"नलू, तू कोणाच्या बाजूची?"

"मी दुधी भोपळ्याच्या बाजूची. तिथे ताजा मिळतो."

नातीचा व्हिडिओ कॉल आला. "आजोबा, आर यू लाइक अ रिअल कोच? माझ्या क्लासमध्ये कोणी बिलीव्ह करत नाही."

"रविवारी कळेल," आजोबा म्हणाले.

रविवारी रिंगण खच्चून भरलेलं होतं, असं मला लिहायला आवडलं असतं. अर्धं भरलं होतं. पण ओटिसने ज्यांचे एसी दुरुस्त केले ते सगळे सहकुटुंब आले होते आणि ते लोक कृतज्ञतेने ओरडत होते. मंडळातलीही पाचसहा माणसं आली होती. डॉ. लेले माझ्या मागच्या रांगेत होते. सगळ्यांना पन्नासची गोष्ट माहीत होती. फक्त समोरच्या संघाला नव्हती.

पहिल्या अर्ध्या वेळात मी तो खेळ पहिल्यांदा नीट पाहिला. आमचे आठ जण आता एकमेकांशी बोलत होते, अखंड, चाल सुरू होण्याआधी आणि चालू असताना. एक चुकला की दुसरा त्याच्या जागी आधीच उभा असायचा. समोरच्यांना प्रत्येक यार्ड झगडून काढावा लागत होता. ते टचडाउन करत होते, पण घाम गाळून. आणि समोरच्या कोणाला लोळवलं की प्रत्येक वेळी रिकी नाचायला जायचा आणि आठवून थांबायचा, एक पाय वर.

मग खेळाच्या शेवटच्या चौथ्या भागात काकांना राहवेना. दोनदा ते ओरडले, दोनदा समोरच्याने बाजू बदलली. गुण झाले अठ्ठेचाळीस.

सामन्याचा निकाल तोवर लागल्यातच जमा होता, आणि त्याकडे आमच्यापैकी कोणी बघतही नव्हतं. घड्याळात अगदी थोडा वेळ उरला होता. चेंडू त्यांच्याकडे, गोल लाइनपासून तीन यार्डांवर, शेवटची चाल. त्यांनी लाथेने चेंडू खांबांमधून मारला असता तरी तीन गुण मिळाले असते, म्हणजे एकावन्न, म्हणजे आयसेलिन. पण त्यांच्या क्वार्टरबॅकला बहुधा आपल्या नावावर आणखी एक टचडाउन हवा होता. त्याने हाताने खूण केली: खेळायचं.

काका भिंतीवर वाकले. त्यांना काहीतरी दिसलं होतं. मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

ओटिस धावत भिंतीशी आला. "कोच, प्लीज. या वेळी नको."

"अरे, पण मला दिसतंय ना!"

"आम्हालाही दिसतंय, कोच."

काका ऐकत होते, पण त्यांनी छातीभर श्वास घेतलेला होता. तीस वर्षांची सवय होती ती. पुढच्या क्षणी ते ओरडणार हे त्यांना सोडून सगळ्यांना कळलं. डॉ. लेले मागून म्हणाले, "गेलं नाटक."

तेव्हा नलूकाकू उठल्या. पर्समधून डबा काढला. ज्या बाईने बॅगा बघून ठेवल्या होत्या, जिला एकावन्न झाले की ताजा दुधी भोपळा मिळणार होता, ती पहिल्या रांगेतून पुढे वाकली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वळवलं आणि अख्खा बेसनाचा लाडू त्याच्या तोंडात घातला.

"आता बघा गुपचूप," काकू म्हणाल्या.

चेंडू उचलला गेला. त्यांचे सगळे डावीकडे धावले, क्वार्टरबॅकनेही तसंच भासवलं. आमचे धावले नाहीत. मला शब्द ऐकू येत होते, आठही जणांचे, "थांब", "मी आहे", "तुझा माझ्याकडे". मग क्वार्टरबॅक गर्रकन वळला आणि त्याने उजव्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे रिकी असायला हवा होता. रिकी गालिच्यावर घसरून पडलेला होता. तो पडल्या पडल्या ओरडला, "ओटिस, माझं!"

ओटिस निघालेलाच होता. त्याने बघितलंसुद्धा नाही, ज्याचं काम त्याने खुर्चीवर बसून इतके दिवस वाचलं होतं त्याच्या जागेकडे तो भलामोठा माणूस छोट्या माणसाची छोटी पावलं टाकत गेला, अगदी रिकीसारखी, थोडं झुकून. चेंडू सुटला. ओटिसने हात वर केले, पण ते उशिरा पोचले. चेंडू हेल्मेटवर आदळला, ज्यावर नारळ फुटला होता त्याच हेल्मेटवर, उंच उडाला आणि सरळ प्रेक्षकांत गेला. एका एसीच्या गिऱ्हाइकाने तो झेलला.

अठ्ठेचाळीस!

मी कुठल्याही गर्दीत ओरडणारी बाई नाही. पण मी खुर्चीवर उभी होते, पॉपकॉर्न लेल्यांच्या डोक्यावर होते आणि मी ओरडत होते, "बसलं! काका, बसलं!" लेले पॉपकॉर्नसकट नाचत होते. ओटिसची गिऱ्हाइकं खुर्च्या बडवत होती. आठही जण एकमेकांच्या अंगावर पडले होते आणि घड्याळ शून्यावर आल्याबरोबर रिकीने आयुष्यातली सर्वांत उत्तम कोलांटी मारली. या वेळी बघायला माणसं होती. समोरचा संघ मैदानात उभा राहून आमच्याकडे बघत होता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निव्वळ कुतूहल होतं.

डेलनी फलक पाहिला. दोनदा पाहिला. मग शेजारी बसलेल्या भाच्याला म्हणाले, "सॉरी, सन."

काकांना पुढचा सीझन मिळाला आणि दुसराही अंक बसला. त्याच्या पुढच्या वर्षी डेलनी संघ विकला, तेव्हा केतकर आयसेलिनला गेले. तिथे ते मंडळाच्या नाटकांना जातात आणि काकू पर्समध्ये डबा ठेवतात, असं ऐकते. पण मला आठवतात ते त्या रविवारचे काका. खांब सोडून बाहेर आलेले, मैदानाच्या मधोमध, पूर्ण दिसणारे. ओटिसनेच ओढत नेलं होतं त्यांना. रिंगणाचा निवेदक माइक घेऊन धावत आला आणि ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कोच, तुमचं तत्त्वज्ञान एका वाक्यात सांगा!" सगळे गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा अख्खं सभागृह केतकरांच्या तोंडून वाक्य ऐकायला थांबलं होतं. काकांचे दोन्ही गाल फुगलेले होते, डोळ्यांत पाणी होतं, जबडा प्रामाणिकपणे हलत होता. लाडू टाळूला धरला होता. त्यांनी एकदा माइककडे बघितलं, एकदा काकूंकडे, आणि मग हात लांब करून त्या आठ जणांकडे बोट दाखवलं. टाळ्या थांबेनात.

सामना आम्ही अठ्ठेचाळीस–तेरा असा हरलो.